कुत्रा पाळायला लायसन्स सक्तीचं केलं तर कुत्र्यांचे हाल थांबतील का?

नुसत्या लायसन्सने नाही थांबणार. लायसन्स काढतं कोण, तर जो आधीच नीट सांभाळतोय तोच, बाकीचे नोंदणीच्या वाटेलाच जात नाहीत. त्यापेक्षा मायक्रोचिप कामाची, तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली बसवतात, स्कॅन केली की नंबर येतो आणि त्यावरून रेकॉर्डमध्ये नोंदवलेला मालक सापडतो. पण फोन नंबर बदलल्यावर रेकॉर्डमध्ये अपडेटच केला नाही तर उपयोग शून्य. (आणि ती जीपीएस नाहीये, हा गैरसमज खूप जणांचा असतो.)

खरी गडबड पिल्लं विकण्यापासूनच सुरू होते. पिल्लू निदान 8 आठवडे आईजवळ राहायला हवं, साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या काळात ते माणसं, आवाज, दुसरे कुत्रे सगळ्यांची सवय करून घेतं, तो काळ पिंजऱ्यात गेला तर पुढे भित्रं किंवा चावरं होण्याची शक्यता वाढते आणि मग तेच कुत्रं लोक सोडून देतात. इंग्लंडमध्ये 2020 पासून 6 महिन्यांच्या आतली पिल्लं दुकानातून किंवा दलालामार्फत विकायला बंदी आहे, थेट ब्रीडरकडून (म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याकडून) घ्यायचं नाहीतर शेल्टरमधून. मला हा नियम मनापासून पटतो, कारण तो त्रासाच्या मुळाशी जातो.

मालकांचं म्हणाल तर लोक पहिल्या वर्षाचा विचार करतात, कुत्रं 10-13 वर्षं जगतं. रोजचं फिरवणं, लसी, नसबंदी, म्हातारपणीची औषधं, भाड्याचं घर बदललं की नवा घरमालक कुत्रा ठेवू देईल का... म्हणून नुसती लायसन्सची सक्ती आणि दंड नको, स्वस्तात नसबंदी आणि उपचारांची सोयही सरकारने केलीच पाहिजे.