पाय आधी का पळतो?

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे, बॅडमिंटनमध्ये सिंगल्स खेळते. समोरची मुलगी नेटजवळ रॅकेट धरून क्षणभर थांबते, ही ड्रिबल (नेटलगत हलकेच टाकलेलं शटल) येणार म्हणून पुढे झेपावते आणि शटल डोक्यावरून मागच्या कोपऱ्यात पडतं. रिॲक्शन वाढवायला दिवे लागणारं मशीन किंवा मोबाइलवरचे ब्रेन गेम्स घ्यावेत का?
— एक पालक, सांगली

उत्तर : पैसे वाचवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मुलगी उशिरा निघत नाही, लवकर निघते. तिला वेग वाढवायचा नाहीये, पहिली उबळ दाबायची आहे.

दिवा दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. निघालेली हालचाल मध्येच थांबवायलाही मेंदूला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे शटल रॅकेटच्या तारांना लागण्याआधीच मुलीने पाऊल टाकलं, तर टॉस (मागे उंच उचललेलं शटल) आहे हे कळून पाय थांबेपर्यंत वजन पुढच्या पायावर गेलेलं असतं. मग आधी ब्रेक, मग वळणं, मग पळणं. उंच टॉस मागे पोचायला सेकंदाहून जास्त लागतो, त्यामुळे मध्यावर थांबलेल्या मुलीला तोच कोपरा आरामात गाठता येतो. तैवानच्या ताइ त्झु-यिंगचा खेळ बघा. टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत तिने सिंधूला २१-१८, २१-१२ असं हरवलं. ती चकव्यासाठीच ओळखली जाते, आणि चकवा चालतो तो समोरच्याच्या घाईवर.

ब्रेन गेम खेळून त्या गेममधला स्कोअर वाढतो; तो फायदा कोर्टवर उतरतो याचा भरवशाचा पुरावा नाही. शिवाय दिवा खोटं बोलत नाही, प्रतिस्पर्धी बोलते.

त्यापेक्षा हे करा. तुम्ही किंवा कोच नेटपाशी रॅकेट घेऊन उभे राहा, मुलगी मध्यावर. दुसऱ्या कुणीतरी हाताने एकेक शटल नेटजवळ टाकायचं, असे १२ शटल. प्रत्येक वेळी रॅकेट सारखीच पुढे धरा. ७ वेळा ड्रिबल, ३ वेळा मागे टॉस आणि २ वेळा शटल मारायचंच नाही, खाली पडू द्यायचं. क्रम आधी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर नकळत एक ठेका पडतो आणि पोरं तो तिसऱ्या दिवशी ओळखतात. ड्रिबल मुद्दाम जास्त ठेवायचे, कारण पुढे पळायची सवय लागल्याशिवाय ती रोखायचा सराव होत नाही. निम्मे-निम्मे ठेवलेत तर ती फक्त अंदाज बांधेल.

असे ३ सेट, मध्ये दीड मिनिट विश्रांती. सुरुवातीचे दोन आठवडे वॉर्मअपनंतर लगेच घ्या, पुढे सेशनच्या शेवटी, दमलेल्या पायांवर. पॉइंट मोजू नका. शटल तारांना लागण्याआधी पाऊल पुढे पडलं की एक चूक लिहा. नजरेने वाद होतात, म्हणून फोनवर स्लो मोशनमध्ये, बाजूने, पाय आणि रॅकेट दोन्ही दिसतील असं चित्रण करा.

एक बिघाड हमखास होतो. ‘थांब’ म्हटलं की मुलं टाचा टेकवून खांबासारखी उभी राहतात आणि मग खरोखरच उशीर होतो. थांबायचं ते छोट्या उडीत. समोरची मारायला लागली की दोन्ही पाय जमिनीपासून जेमतेम सुटावेत आणि शटल तारांवरून निघतानाच चवड्यांवर टेकावेत. टेकताना दिशा कळते आणि त्याच दाबातून निघता येतं. दुसरा बिघाड तुमच्याकडून होईल: टॉस मारताना खांदा आधीच खाली जातो. तेही चित्रणात बघा.

प्रश्न : वय ४८, रविवारी डबल्स खेळतो. सर्व्हिस घेताना फ्लिकची (ऐनवेळी मनगटाने डोक्यावरून मागे मारलेल्या सर्व्हिसची) भीती वाटते, म्हणून नेटलगत येणाऱ्या लो सर्व्हिसवरही उशिरा पोचतो. दोन्हीकडे लक्ष कसं ठेवायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ठेवायचंच नाही. पर्याय जितके जास्त तितका निर्णय मंद. लो सर्व्हिस आली की कुठे मारायचं, हे सर्व्हिसच्या आधीच ठरवून टाका. उदाहरणार्थ सर्व्हरच्या पार्टनरच्या रॅकेटकडच्या कमरेवर पुश, म्हणजे सपाट ढकललेलं शटल. आता उरला एकच प्रश्न: लो की फ्लिक? त्याचं उत्तर सर्व्हरच्या मनगटात आणि रॅकेटच्या तोंडात मिळतं, चेहऱ्यावर नाही.

भीतीचा हिशेबही करून बघा. डबल्सचा सर्व्हिस कोर्ट फक्त ३.९६ मीटर लांब असतो, सिंगल्सचा ४.७२. फ्लिक तेवढ्यातच पडायला हवी. पुढच्या रेषेपासून अर्धं पाऊल मागे उभे राहा. लो सर्व्हिसवर थोडं कमी आक्रमक व्हाल, पण फ्लिकवर मागे वाकून मारायची वेळ टळेल. ४८ व्या वर्षी कंबरेसाठीही हा सौदा बरा.

प्रश्न : एक चुकीचा लाइन कॉल (शटल आत की बाहेर हा निर्णय) गेला की पुढचे चार-पाच पॉइंट सलग जातात. ध्यान करावं का?
— एक वाचक, गोवा

उत्तर : घरी जरूर करा, पण कोर्टवर त्यासाठी वेळ नसतो. मेंदूला एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात; त्यात मागचा कॉल बसला की ‘याचा बॅकहँड कच्चा आहे’ हे निसटतं. म्हणून ती जागा दुसऱ्या कशाने तरी भरा. तारा बोटांनी सरळ करा, एक लांब श्वास सोडा आणि पुढचं काम मनात शब्दांत म्हणा: ‘लो सर्व्हिस, मग बॅकहँडला’. ‘चिडायचं नाही’ असं म्हणू नका, त्याने कॉलच आठवतो. पंचांकडे पाठ करा. ११ गुणांवर मिळणाऱ्या ६० सेकंदांत कॉलचा विषय पार्टनरने काढला तरी त्याला पाण्याची बाटली द्या.