भाऊ जेलमध्ये, हेबियस कॉर्पस टाकू का?

प्रश्न: वकीलसाहेब नमस्कार, माझा धाकटा भाऊ दीड वर्ष झालं अंडरट्रायल आहे. मागच्या मुलाकातीला त्याच्या मनगटावर काळेनिळे वळ दिसले, विचारलं तर खाली बघत पडलो म्हणाला. गावातले एकजण सांगतात हायकोर्टात हेबियस कॉर्पस टाका, लगेच सुटेल. खरंय का?
– एक ताई, सांगली

उत्तर: ताई, सुटेल हे आधी डोक्यातून काढा. हेबियस कॉर्पसमध्ये कोर्ट विचारतं की हा माणूस कुणाच्या ताब्यात आहे नि कुठल्या कायद्याने, आणि तुमच्या भावाची एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, कोर्टानेच दिलेली असल्यामुळे ताबा सहसा कायदेशीर धरला जातो, सुटकेसाठी जामीनच मागावा लागेल.

पण वळांचं काय? ते सोडून देऊ नका. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना नुसतं पत्र लिहिलं होतं, स्वतःसाठी नाही हं, दुसऱ्या एका कैद्यासाठी, की हेड वॉर्डरने त्याला पैशासाठी फार वाईट मारलंय. कोर्टाने त्या पत्रालाच हेबियस कॉर्पसचा अर्ज मानलं आणि डिसेंबर १९७९ मध्ये सांगितलं की कोठडी कायदेशीर असली तरी आत होणाऱ्या छळाविरुद्ध हा अर्ज चालतो. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

आपल्या मुंबई हायकोर्टानेही त्याआधी कैद्याची बाजू घेतलीय. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या जेलमध्ये स्थानबद्ध होते, तिथे बसून त्यांनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं, सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना. त्यांनी हायकोर्टात रिट अर्ज केला, हायकोर्ट म्हणालं जाऊ द्या, सरकार अपिलात गेलं आणि १९६५ ला सुप्रीम कोर्टातही हरलं. विचार करा, साधे कागद बाहेर पाठवायचा हक्क जेलमध्ये शाबूत राहतो, मग अंगावर मार न खाण्याचा राहणार नाही का!

आता तुम्ही काय करायचं, तर वळ कुठल्या तारखेला दिसले, कुठल्या हाताला, सगळं आजच वहीत लिहा. ट्रायल कोर्टात मेडिकल तपासणीचा अर्ज द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. एवढं करून हललं नाही तर हायकोर्टात जा, अर्ज बहीण म्हणून तुम्हीही करू शकता. आणि पुढच्या तारखेला व्हीसीवर, म्हणजे जेलमधून व्हिडिओ कॉलवर, न घेता भावाला कोर्टात समक्ष आणायची मागणी करा, जेलचा माणूस शेजारी उभा असताना तो परत पडलोच म्हणेल.