'ब्रदरच राहिले' असे लिहावे का?

एका वाचकाने विचारले आहे: "आमच्या वसतिगृहात चाळीसेक वर्षे स्वयंपाकघर, बाग आणि आजारी मुलांची खोली सांभाळणारे एक कॅथलिक ब्रदर नुकतेच वारले. त्यांच्यावर स्मरणलेख लिहीत आहे. 'ब्रदर' या शब्दाला मराठीत काय म्हणावे? संन्यासी, धर्मगुरू, मठवासी, धर्मबंधू यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल? लेखाचे पहिले वाक्य असे केले आहे: 'ते फादर होऊ शकले नाहीत, आयुष्यभर साधे ब्रदरच राहिले, पण आम्हा मुलांसाठी ते फादरांहूनही मोठे होते.' हे वाक्य ठीक आहे का?"

प्रश्न नामाविषयी विचारला असला, तरी मला अधिक खटकते ते वाक्यातले क्रियापद. तरीही आधी नामाकडे वळू, कारण ते कळल्याखेरीज क्रियापद का खटकते हे सांगता येणार नाही.

दिलेल्या चार शब्दांपैकी 'धर्मगुरू' सरळ चुकीचा आहे. मराठी कॅथलिकांच्या लिखाणात हा शब्द ज्याला गुरुदीक्षा मिळाली आहे, जो मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करतो आणि पापनिवेदन ऐकतो, त्याच्यासाठी, म्हणजे फादरांसाठी, राखीव झालेला आहे. ब्रदर यांतले काहीही करीत नाहीत. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेऊन ते एखाद्या धर्मसंघात आयुष्यभर राहतात. त्याच संघातले फादरही हीच व्रते घेतात. म्हणजे व्रतांच्या बाबतीत दोघांत काहीच फरक नाही, फरक आहे तो दीक्षेचा आणि तिच्याबरोबर येणाऱ्या कामाचा. आणि सगळेच फादर व्रतस्थ असतात असेही नाही. धर्मप्रांतात, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या विभागात, नेमलेले अनेक धर्मगुरू कोणत्याही संघाचे नसतात आणि त्यांनी ही तीन व्रते त्या अर्थाने घेतलेली नसतात. बाहेरच्या माणसाला फादर आणि ब्रदर या एकाच शिडीच्या वरच्या-खालच्या पायऱ्या वाटतात, पण मुळात त्या दोन वेगळ्या वाटा आहेत.

'संन्यासी' हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण तो इथे विचित्र अडचण निर्माण करतो. आपल्या परंपरेतला संन्यासी अग्नीचा त्याग करतो, स्वतः रांधत नाही, भिक्षेवर राहतो. तुमच्या ब्रदरांनी चाळीस वर्षे दीड-दोनशे मुलांची चूल पेटती ठेवली असेल, तर त्यांना संन्यासी म्हणताना भाषेलाच थोडे हसू येईल. 'मठवासी' हा शब्द भिंतीआड राहून प्रार्थनेत काळ घालवणाऱ्यांचे चित्र उभे करतो. युरोपातल्या बेनेडिक्टाइन मठांसाठी तो चालेल, पण वसतिगृहात मुलांच्या तापाच्या पट्ट्या बदलणाऱ्या माणसासाठी नाही.

उरला 'धर्मबंधू'. चर्चच्या मराठीत 'धर्मभगिनी' हा शब्द सिस्टरांसाठी चांगला रुळला आहे आणि त्याच्या जोडीने 'धर्मबंधू' आला, हे रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण सर्वसाधारण मराठीत या शब्दाला आधीपासून दुसरा अर्थ आहे. 'आपल्या धर्मबंधूंनी एकत्र यावे' असे एखाद्या सभेत म्हटले, की त्याचा अर्थ एकाच धर्माचे लोक असा होतो. शिवाय 'धर्माचा भाऊ' म्हणजे मानलेला भाऊ हाही अर्थ जवळच घुटमळत असतो. 'धर्मभगिनी'च्या वाट्याला हा त्रास फारसा आला नाही, कारण सभांमधून धर्मबंधूंनाच हाका मारल्या जात. म्हणून लेखाच्या मथळ्यात किंवा पहिल्या वाक्यात एकटा 'धर्मबंधू' टाकला, तर चर्चबाहेरच्या वाचकाचा गोंधळ होईल. 'व्रतस्थ' हे विशेषण त्याला जोडले, 'व्रतस्थ धर्मबंधू' असे म्हटले, तर मात्र अर्थ नेमका होतो. हा शब्द एकदा, ओळख करून देताना वापरावा आणि पुढे सगळीकडे 'ब्रदर' लिहावे, असा माझा सल्ला आहे.

'ब्रदर' हा शब्द परका आहे म्हणून तो टाळावा, असे मला वाटत नाही. 'पाद्री' पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आला आणि तीन-चार शतके आपल्याकडे नांदला. 'फादर' इंग्रजीतून आला आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नावदेखील आज कोणी 'फादर' या शब्दाशिवाय घेत नाही. शब्दांचे कूळ पाहायचेच असेल, तर 'पाद्री' आणि 'फादर' हे दोन्ही संस्कृत 'पितृ'चे लांबचे नातलग आहेत, आणि 'ब्रदर' हा 'भ्रातृ'चा, म्हणजे आपल्या 'भाऊ'चाच. घरचा माणूस पश्चिमेकडून फिरून आला, इतकेच.

अडचण आहे ती वेगळीच. मराठीत 'ब्रदर' या हाकेला आज तीन तरी धनी आहेत. इस्पितळात पुरुष परिचारकाला 'ब्रदर' म्हणतात, कारण परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतात. चर्चमध्ये, फादर होण्यासाठी शिकत असलेल्या तरुणालाही 'ब्रदर'च म्हणतात. आणि तिसरे, ज्यांनी फादर होण्याची वाट कधी धरलीच नाही असे व्रतस्थ ब्रदर. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात लोक सर्रास गल्लत करतात, आणि पन्नाशी उलटलेल्या ब्रदरांनाही 'तुम्ही फादर कधी होणार?' असे भाबडेपणाने विचारले जाते. रामकृष्ण मठात ब्रह्मचारी पुढे संन्यास घेऊन स्वामी होतात. तसेच इथेही असणार असे आपण गृहीत धरतो. शिकाऊ ब्रदरांच्या बाबतीत ते जवळपास खरेही आहे, पण तुमच्या लेखातले ब्रदर तिसऱ्या प्रकारचे आहेत. आता तुमचे वाक्य पुन्हा वाचा. 'होऊ शकले नाहीत', 'साधे', 'ब्रदरच', 'राहिले' या चारही ठिकाणी एका परीक्षेत नापास झालेला माणूस दिसतो. 'तो कारकूनच राहिला' या वाक्यातला 'राहिला' आणि हा 'राहिले' एकाच जातीचे आहेत. त्यापुढे 'पण ते फादरांहूनही मोठे होते' असे म्हणून तुम्ही जी भरपाई करू पाहता, तिची गरजच मुळात त्या चार शब्दांनी निर्माण केलेली आहे. वारकऱ्यांत माळ घातलेला प्रत्येक जण कीर्तनकार होत नाही, आणि गळ्यात टाळ अडकवून पन्नास वर्षे चाललेल्या माणसाविषयी 'तो टाळकरीच राहिला' असे आपण म्हणत नाही.

याला एक मोठा दाखला आपल्या वसईचाच आहे. संत गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. त्यांचा जन्म सुमारे 1557 चा. वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या लोकांच्या हाताखाली शिकून ते कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा त्यांनी आत्मसात केली आणि काही वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. मग त्यांनी काही काळ व्यापार केला, आणि पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ते ब्रदर म्हणून दाखल झाले. 1593 मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराचे वकील, म्हणजे राजदूत, म्हणून पेद्रो बाउतिस्ता हे फ्रान्सिस्कन फादर जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा त्यांचे दुभाषी हे वसईचे ब्रदर होते. वकिलीचा मान फादरांचा, पण दरबारात जो शब्द पोचायचा तो ब्रदरांच्या तोंडून.

पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. 1596 च्या अखेरीस अटक झाली, क्योतोमध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापण्यात आले, आणि भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेऊन 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. या सव्वीसांपैकी सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि उरलेले सतरा जपानी प्रापंचिक होते. शब्दचर्चेच्या दृष्टीने मोजण्याजोगी गोष्ट ही, की संघांतल्या त्या नऊ जणांत गुरुदीक्षा झालेले फादर फक्त तीन होते. जेझुइटांमधले पॉल मिकी प्रवचनकार म्हणून प्रसिद्ध होते, पण त्यांचीही दीक्षा झालेली नव्हती. 8 जून 1862 रोजी नवव्या पायस पोपनी या सगळ्यांना एकत्रच संत म्हणून जाहीर केले. गोन्सालो गार्सियांविषयी मराठीत लिहिताना एखादा लेखक सवयीने त्यांना 'धर्मगुरू' करून टाकतो, तेव्हा आपण त्यांचा मान वाढवतो आहोत असे त्याला वाटत असावे. प्रत्यक्षात तो त्यांचे खरे पद पुसून टाकत असतो. ('हुतात्मा' की 'रक्तसाक्षी' हा वेगळा विषय आहे, एवढेच सांगतो की इंग्रजी 'मार्टर'मागच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'साक्षी' आहे, त्यामुळे मराठी ख्रिस्ती परंपरेतला 'रक्तसाक्षी' मला अधिक जवळचा वाटतो.)

ज्या फ्रान्सिस्कन संघात ते गेले, त्याचे लॅटिन नावच 'फ्रात्रेस मिनोरेस', म्हणजे 'धाकटे भाऊ', असे आहे. संघाचे संस्थापक असिसीचे संत फ्रान्सिस स्वतः कधी फादर झाले नाहीत. त्या संघात फादर झालेलाही आधी भाऊच असतो. मग 'साधे ब्रदर' या शब्दांतले 'साधे' कशापेक्षा साधे, असा प्रश्न पडतो. ब्रदरांच्या स्वभावाविषयी सांगायचे असेल तर 'साधे' उत्तम शब्द आहे, 'निगर्वी' त्याहून नेमका आहे. पण पदाला लावला की तो 'नुसते' या अर्थाने वाचला जातो. 'साधा शिपाई' म्हटल्यावर शिपायाचा स्वभाव कोणाच्या मनात येत नाही.

दुसरा दाखला कॅनडातल्या माँट्रियलचा देतो, कारण तो स्वयंपाकघर आणि आजाऱ्यांची खोली सांभाळणाऱ्या माणसाच्या स्मरणलेखाला अधिक जवळचा आहे. आल्फ्रेड बेसेत यांचा जन्म 1845 चा. प्रकृती अशक्त, शिक्षण जेमतेम. 1870 मध्ये ते होली क्रॉस संघात आले तेव्हा त्यांची तब्येत पाहून त्यांना ठेवून घ्यावे की नाही याविषयीच शंका होती. ब्रदर आंद्रे या नावाने त्यांना कॉलेजच्या दाराशी नेमले, आणि सुमारे चाळीस वर्षे ते येणाऱ्याला दार उघडणे, निरोप पोचवणे, पत्रे नेणे-आणणे, झाडलोट करणे अशी कामे करीत राहिले. आजारी लोक त्यांच्याकडे प्रार्थनेसाठी येऊ लागले. ते मात्र सारे श्रेय संत जोसेफ यांना देत. त्यांच्याच ध्यासातून 1904 मध्ये माउंट रॉयल टेकडीवर एक चिमुकले प्रार्थनास्थळ उभे राहिले, जिथे आज भव्य मंदिर आहे. 6 जानेवारी 1937 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षी ते गेले, आणि 17 ऑक्टोबर 2010 रोजी त्यांना संतपद मिळाले.

त्यांच्या नावावर एक विनोद सांगितला जातो. फ्रेंचमध्ये 'दाराशी ठेवणे' याचा रूढ अर्थ हाकलून देणे असा होतो, आणि ब्रदर आंद्रे म्हणत की कॉलेजात आल्याबरोबर मला दाराशी ठेवले आणि मी तिथे चाळीस वर्षे राहिलो. मराठीत हा श्लेष जसाच्या तसा उतरत नाही, पण आपल्याकडे 'दार दाखवणे' आहे: 'आल्या आल्या मला दार दाखवलं, आणि मी तिथंच चाळीस वर्षं काढली.' इथे 'राहिलो'ऐवजी 'काढली' घेतले की कष्टही येतात आणि मिश्कीलपणाही टिकतो. त्यांच्या कामाला मराठी शब्द शोधताना मीही अडलो. 'द्वारपाल' म्हटले की देवळाच्या गाभाऱ्याबाहेरच्या दगडी मूर्ती डोळ्यांपुढे येतात, 'दरवान' म्हटले की काठी आणि खाकी गणवेश. शेवटी 'ते दार सांभाळत' एवढेच लिहावे असे ठरवले. तुमच्या लेखातही पदनामांपेक्षा अशी क्रियापदे अधिक उपयोगी पडतील. 'स्वयंपाकघर प्रमुख' लिहिण्यापेक्षा ते डाळ निवडत, पहाटे चूल पेटवत, तापलेल्या मुलाच्या उशाशी बसत, असे लिहावे.

आता काही बारीक गोष्टी. ब्रदर व्रते 'घेतात'. 'शपथ' मंत्री घेतात आणि साक्षीदार घेतात, म्हणून तो शब्द इथे नको. 'पहिली व्रते' आणि 'अंतिम व्रते' हे शब्दप्रयोग चांगले आहेत. नावाआधी 'कै.' लावू नये, कारण कैलास त्यांचा नव्हे. 'दिवंगत' चालेल, आणि मराठी ख्रिस्ती लिखाणातला 'ख्रिस्तवासी' अधिक शोभेल. आदरार्थी रूप 'ब्रदरांनी', 'ब्रदरांचा' असे करावे. मुलांच्या तोंडी 'ब्रदरने', 'ब्रदरचा' असे एकेरी येत असेल आणि संवाद तसाच द्यायचा असेल, तर तो सुधारू नये.

तुमचे पहिले वाक्य मी असे करीन: 'ते एका धर्मसंघाचे व्रतस्थ धर्मबंधू होते, आम्ही त्यांना ब्रदर म्हणत असू, आणि वसतिगृहात पहाटे सर्वांत आधी जो दिवा लागे, तो त्यांच्या स्वयंपाकघरातला असे.' फादरांशी तुलना पूर्ण गाळावी. आणि तो 'च' हातचा सोडवत नसेल, तर तो वापरायला एक योग्य जागा आहे. ब्रदर आंद्रे यांना संतपद मिळून इतकी वर्षे झाली, तरी माँट्रियलमध्ये लोकांच्या तोंडी ते अजूनही 'फ्रेर आंद्रे', म्हणजे ब्रदर आंद्रेच आहेत.