फड्या निवडुंगातले चमकणारे कण

फड्या निवडुंगाचं कोवळं पान चिरल्यावर भिंगातून बारीक वाळूसारखे कण चमकताना दिसले, ते फवारणीचे अवशेष असतील का आणि खाल्ल्यावर मुतखडा होईल का, असं तुम्ही विचारलंय. फवारणीचा इथे बहुधा काही संबंध नाही. हे झाडानेच तयार केलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आहेत.

मुळं पाण्याबरोबर कॅल्शियम ओढत राहतात, पण पेशीत ते मोकळं फार साठून चालत नाही. म्हणून झाड ते ऑक्झॅलिक आम्लाशी बांधून काही खास पेशींमध्ये बंद करून टाकतं. आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड. त्याच्या सालीच्या लगेच खाली अशा पेशी दाटीने असतात. प्रत्येक स्फटिक म्हणजे चारी बाजूंनी टोकं आलेला गुच्छ, त्याला ड्रूझ म्हणतात. अळूच्या कुळात हेच रसायन सुयांच्या रूपात असतं, त्या घशात टोचतात आणि खाज सुटते. निवडुंगाच्या गुच्छांनी तसं होत नाही, फार तर जून पान किंचित कचकचतं. बोटांत रुततात ती बारीक कुसं वेगळी, ती खनिज नव्हेत. ती मात्र नीट काढाच.

खात्री करायची असेल तर कणांवर व्हिनेगर टाका. चुनखडीचे कण फसफसतील. ऑक्झलेट ढिम्म राहील.

फड्या निवडुंगात मुख्यतः व्हेवेलाइट सापडतं, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचा एक पाणी-रेणू असलेला प्रकार. उंच खांबासारख्या सग्वारो निवडुंगात दोन पाणी-रेणूंचं वेडेलाइट असतं. अमेरिका-मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटात सग्वारो मरून कुजला की त्या वेडेलाइटचं हळूहळू कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, होतं आणि झाडाने हवेतून घेतलेला थोडा कार्बन खनिज होऊन मातीत उरतो. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

आता मुतखडा. बहुतेक मुतखडे याच दोन खनिजांचे असतात, त्यामुळे तुमची भीती समजू शकते. पण पोटात गेलेला स्फटिक तसाच मूत्रपिंडात जाऊन बसत नाही. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, बराचसा शौचावाटे निघून जातो. रक्तात शिरतं ते मुख्यतः विरघळलेलं ऑक्झलेट. फोडी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं की त्यातलं बरंच जातं. जेवणात दूध-दही असेल तर त्यातलं कॅल्शियम उरलेलं ऑक्झलेट आतड्यातच बांधून ठेवतं. आधी खडा होऊन गेला असेल, तर मात्र नेहमी खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

माझा खरा आक्षेप 'निवडुंगातून भरपूर कॅल्शियम मिळतं' या जाहिरातीला आहे. तपासणीत आकडा मोठा येतो हे खरं, पण त्यातला मोठा वाटा याच स्फटिकांत अडकलेला असतो आणि शरीराला तो फारसा मिळत नाही. तंतूंसाठी, चवीसाठी जरूर खा. हाडांसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.