इंदूरमध्ये राहून डिजिटल पत्रकारितेत एम.ए. करावं, की सरळ एखाद्या बातम्यांच्या पोर्टलवर कामाला लागावं?

तुमचं बी.कॉम. झालंय, एका पोर्टलवाल्यानं आठ हजारांवर बोलावलंय आणि दोन वर्षं वर्गात घालवायची की नाही, हा तुमचा प्रश्न. एम.ए. करा. मीही बी.कॉम. करून आधी पोर्टलवरच लागले होते, एम.ए. नंतर केलं, म्हणून सांगतेय.

पोर्टलवर जा असं मला काकांनी सांगितलं होतं. काका इथल्या एका हिंदी दैनिकात अठ्ठावीस वर्षं प्रूफरीडर होते. आमच्या रामबागेतल्या घरी पत्रकारितेच्या डिग्रीचा विषय निघाला की त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "बारपुते, माथुर, प्रभाष जोशी कुठल्या जर्नलिझमच्या कॉलेजात गेले होते गं?" हे तिघेही इंदूरच्या 'नई दुनिया' या हिंदी दैनिकातले नावाजलेले पत्रकार. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२२ ऑगस्ट २०२०, शनिवार, गणेश चतुर्थी. इंदूरकरांना तो पाऊस आठवत असेल, आदल्या रात्री लागला तो थांबायचं नाव घेईना. करोनामुळे काम घरूनच. आई मोदक उकडत होती आणि मी देवघराच्या दारात लॅपटॉप घेऊन बसले होते. व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ आला. पाण्यात एक पांढरी गाडी तरंगत वळतेय, मागे बंद दुकानं, खाली लिहिलेलं 'इंदौर, आज सुबह'. मी ऑफिसच्या ग्रुपवर विचारलं, कुठला भाग आहे हा? वरिष्ठांचं उत्तर आलं, "पहले लगाओ, बाकी बाद में देखेंगे." चार मिनिटांत लावला. आरती होईपर्यंत त्या एका व्हिडिओवर आमच्या बाकी सगळ्या बातम्यांपेक्षा जास्त लोक येऊन गेले होते.

प्रसाद देताना मी तो काकांना कौतुकानं दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला, गाडी वळते तिथे बोटानं थांबवला. "जीजे झीरो सिक्स. बडोद्याची गाडी आहे ही." मी म्हटलं, बडोद्याची गाडी इंदूरला येत नाही का? "गाडी येईल. दुकानाची पाटी कशी आली?" पाटीवरच्या अक्षरांना डोक्यावर रेघ नव्हती, गुजराती होती ती. मग काका घरच्या ग्रुपमध्ये मागे मागे जात राहिले आणि आत्याचा मेसेज काढून माझ्यासमोर धरला. आत्या बडोद्याला दांडिया बाजारात राहते. २०१९ च्या पुरात विश्वामित्री नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्या होत्या, तेव्हा तिनं हाच व्हिडिओ पाठवला होता. त्याखाली माझंच उत्तर होतं, 'आत्या, सांभाळून राहा'.

लगेच ऑफिसला फोन केला. व्हिडिओ त्यांनी काढला नाही, मथळ्यात 'वायरल' हा शब्द तेवढा घातला. दोन दिवसांनी वाचकांनी हल्ला चढवल्यावर तो गुपचूप उडवला. दुरुस्तीची एक ओळ नाही. त्या महिन्यात माझ्या पगारातले हजार रुपये मात्र कापले.

काकांना वाटलं त्यांचंच खरं ठरलं. नजर असावी लागते, डिग्री नाही, असं ते आजही म्हणतात. मी विचारते, ती नजर तुम्हाला आली कुठून? अठ्ठावीस वर्षं रोज रात्री कुणीतरी जुना माणूस शेजारी बसून तुमची चूक दाखवत होता. 'नई दुनिया' १९४७ साली इंदूरला निघाला. राहुल बारपुते संपादक असताना तिथेच राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी घडले. त्यांना कॉलेजची गरज नव्हती, कारण ते ऑफिसच कॉलेज होतं. तुम्ही ज्या पोर्टलवर जाणार आहात तिथे तुम्ही आणि पब्लिशचं बटण, मध्ये कुणीही नाही. अडवणारा माणूस आता वर्गात भेटतो, तोही दोनच वर्षं, फी भरून.

वर्गात व्हिडिओची एकेक फ्रेम काढून रिव्हर्स इमेज सर्च करायला, म्हणजे ते चित्र आधी कुठे आलंय हे शोधायला शिकले. उडवलेलं पान वेब आर्काइव्हमधून काढणं, नगर निगमची पीडीएफ एक्सेलमध्ये आणून बेरजा जुळवणं, दहा रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून तीस दिवस पाठपुरावा करणं, हेही तिथलंच. सगळ्यात जड गेलं ते दुरुस्ती लिहिणं. सरांनी प्रत्येकाला स्वतःची एक चूक आणायला सांगितली. मी बडोद्याचा व्हिडिओ नेला. चार ओळींची दुरुस्ती पाच वेळा परत आली, कारण दर वेळी मी 'व्हायरल झालेला व्हिडिओ' असंच सुरू करत होते. सहाव्यांदा 'आम्ही चुकीचा व्हिडिओ दाखवला' असं लिहिलं, तेव्हा त्यांनी सही केली.

रील बनवायला, एसईओ (सर्चमध्ये बातमी वर आणायचं तंत्र) शिकायला एम.ए. लागत नाही, ते महिनाभरात घरी होतं. ज्या कोर्सच्या माहितीपत्रकात ड्रोन आणि स्टुडिओचेच फोटो आहेत, तिकडे फिरकू नका. इंदूरला देवी अहिल्या विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग आहे, भोपाळला पत्रकारितेचं माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ आहे. मराठीतच लिहायचं असेल तर आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्थेच्या) अमरावती केंद्रातली मराठी पत्रकारितेची पदविका बघा. इथे राहिलात तर रोजचं लिखाण हिंदीतच होणार, त्यात मराठी माणसाला काहीही अडत नाही. युनिकोडमध्ये टायपिंग मात्र आत्ताच शिका. कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये लिहिलेली बातमी वेबवर टाकली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

आता दोन गोष्टी, ज्या खरं तर आधी लिहायला हव्या होत्या. कर्ज काढून हे करू नका. डिग्रीनंतरही माझा पहिला पगार असा होता की हप्ता भरणं जमलं नसतं. आणि त्या पोर्टलवर तुमची कॉपी वाचून परत पाठवणारा एक जरी माणूस असेल, तर एम.ए. राहू द्या, त्याच्याच हाताखाली जा. तो आहे की नाही हे कळायला अवघड नाही. हो म्हणण्याआधी त्यांना विचारा, तुमची शेवटची छापलेली दुरुस्ती दाखवता का? माझ्या त्या पोर्टलवर हे विचारलं असतं तर दाखवायला एकही निघाली नसती.