शारीरिक हालचाल आणि सार्वजनिक आरोग्य या विषयात कोकणात राहून संशोधन करता येईल का?

तुमचा प्रश्न असा: फिजिओथेरपीचं शेवटचं वर्ष आहे, घर रत्नागिरी जिल्ह्यात, दवाखाना थाटण्याऐवजी लोकांच्या हालचालींवर संशोधन करायचंय. पण घरचे म्हणतात, "चाललं की तब्येत बरी राहते हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शोधायचं काय?" मी याच विषयात काम करते आणि माझं बहुतेक काम रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांमधलं आहे. घरच्यांना सांगा, शोधायचं भरपूर आहे.

जे ठाऊक आहे तेही कुणीतरी मोजलं म्हणून ठाऊक झालं. संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी दिसला. हा अभ्यास १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे अमेरिकेत राल्फ पॅफेनबर्गर यांनी सॅन फ्रान्सिस्को बंदरातल्या माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांचा अभ्यास केला. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते, ती अशाच कामांच्या आधारावर. म्हणजे फायदा होतो का, हा प्रश्न आता मागे पडला. कोण किती हलतं, कशामुळे थांबतं आणि काय बदललं तर पुन्हा हलू लागेल, हे प्रश्न उरलेत.

मोजण्यापासूनच अडतं. हालचाल मोजायला जगभर वापरली जाणारी आरोग्य संघटनेची जीपॅक (GPAQ) प्रश्नावली 'नेहमीच्या आठवड्या'बद्दल विचारते. आपल्याकडे नेहमीचा आठवडा कुठला धरायचा? भातलावणीला दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईचा जुलै आणि तिचाच फेब्रुवारी यांचा मेळ बसत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे खलाशाचंही तेच. शिवाय ही प्रश्नावली सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल धरत नाही. संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतून दहा मिनिटांची अट काढली, पण प्रश्नावलीत ती आहेच. पाखाडी, म्हणजे वाडीतली पायऱ्यांची चढण, चढायला चार-पाच मिनिटं लागतात, त्यामुळे दिवसातून तीनदा ती चढणाऱ्या आजीची चढण कागदावर येतच नाही. कमरेला बांधायचं हालचाल टिपणारं छोटं यंत्र, म्हणजे ॲक्सेलरोमीटर, घ्या: तो पावलं बरी टिपतो, पण डोक्यावरची मासळीची पाटी त्याला कळत नाही आणि वाकून केलेलं काम तो फार कमी धरतो.

आशाताई तिशीपुढच्या माणसांचा सीबॅक (CBAC) फॉर्म भरतात, म्हणजे मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका तपासणारी प्रश्नावली. त्यात आठवड्याला १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का, हा प्रश्न असतो. विहिरीवरून कळशा आणणारी बाई सांगते, "नाही गो, व्यायाम कुठला करतेय मी!" आणि गाडी घेतल्यापासून चालणं सुटलेला माणूस शेती आहे म्हणून 'हो' सांगतो. तुमच्या पहिल्या प्रकल्पाला हा एवढा एक प्रश्न पुरेल.

मला याहून मोठा वाटणारा प्रश्न वेगळा आहे. राबणं आणि व्यायाम यांचा शरीरावर परिणाम सारखाच होतो का? मोकळ्या वेळातल्या हालचालीने हृदयाला जो फायदा दिसतो तो कामावरच्या जड श्रमांत तसा दिसत नाही, काही अभ्यासांत तर उलटच दिसतो. डेन्मार्कमधले संशोधक आंद्रेआस होल्टरमन यांनी यावर बरंच काम केलंय. तासन्‌तास ओझं, चढलेला रक्तदाब आणि पुरेशी विश्रांती नाही, अशी कारणं मांडली जातात. पण हे अभ्यास बहुतेक युरोपातले. आपल्या मासळीवालीबद्दल ते काय सांगणार? आयसीएमआर-इंडिॲब या मधुमेहावरच्या मोठ्या भारतीय पाहणीच्या २०१४ च्या अहवालात, ज्यात महाराष्ट्रही होता, मोकळ्या वेळात व्यायाम करणारे दहा टक्क्यांहून कमी निघाले. म्हणून मासळीवालीला "सकाळी चालायला जा" सांगणं मला पटत नाही. तिला पाटी उतरवायला ओटा हवा, बसायला वेळ हवा आणि संध्याकाळी निवांत फिरावंसं वाटलं तर दिवे असलेला रस्ता हवा. हे आकड्यांनिशी ग्रामपंचायतीसमोर मांडता येणं, मला वाटतं, आपल्या कामाचा खरा उपयोग आहे.

आता वाटेबद्दल. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करा: मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस), पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ, तिरुअनंतपुरमला अच्युत मेनन केंद्र. प्रवेशाच्या अटी दरवर्षी तपासा. दोन वर्षं बाहेर राहावं लागेल. तेवढ्यात संख्याशास्त्र मन लावून शिका, कारण सांधे-स्नायूंचं ज्ञान तुमच्याकडे आहेच आणि या क्षेत्रात ते फार थोड्यांकडे असतं. सुरुवातीच्या नोकऱ्या प्रकल्पावरच्या, कंत्राटी असतात. हे घरी आत्ताच सांगून ठेवा. कोकणातच शिकायचं तर डेरवणचं वालावलकर रुग्णालय बघा, तिथे किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतलेला आहे.

आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प यावरच करणार असाल तर संशोधनाला परवानगी देणाऱ्या कॉलेजच्या नीतिसमितीकडे प्रस्ताव दिवाळीच्या सुमारास द्या. मंजुरीला महिने जातात, आणि शेतात राबणाऱ्या त्याच त्या बायकांची माहिती उन्हाळ्यात एकदा आणि लावणीत एकदा अशी दोनदा घ्यावी लागेल.