रॅम वाढवताना जुनी स्टिक ठेवावी का?

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचे लहानसे ड्रॉइंग ऑफिस असून कास्टिंगच्या पॅटर्नची त्रिमितीय ड्रॉइंग्ज आम्ही २०१८ साली घेतलेल्या इंटेल आय-फाइव्ह डेस्कटॉपवर करतो. त्यात डीडीआर ४ प्रकारची, २४०० वेगाची ८ जीबीची एकच स्टिक आहे आणि मोठी असेंब्ली उघडली की संगणक रेंगाळतो. दुकानदार दुसऱ्या कंपनीची ३२०० वेगाची १६ जीबीची स्टिक रिकाम्या स्लॉटमध्ये बसवून देतो म्हणतात. माझा भाचा मात्र सांगतो की, दोन कंपन्यांची रॅम एकत्र कधीच चालत नाही. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुकानदारांचे ऐकावे, मात्र स्टिक बसवल्यानंतरची पहिली रात्र चाचणीसाठी राखून ठेवावी.

जगातील बहुतेक रॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या तयार करतात, आणि स्टिक विकणाऱ्या इतर अनेक कंपन्या त्याच चिप विकत घेऊन पट्टीवर जोडतात. त्यामुळे वेगळ्या नावांच्या दोन स्टिकवर एकाच कारखान्यातल्या चिप असू शकतात. उलट एकाच नावाच्या, पण दोन वर्षांच्या अंतराने घेतलेल्या स्टिकवर वेगवेगळ्या निघू शकतात. आपल्या भाच्याची काळजी रास्त आहे, पण तिचे मूळ कंपनीच्या नावात नाही.

जुळायलाच हवी ती पिढी. डीडीआर ३ स्टिकला २४० पिना असतात आणि ती १.५ व्होल्टवर चालते. डीडीआर ४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट लागतात. डीडीआर ५ च्या पिनाही २८८ च आहेत, पण तिची खाच वेगळ्या जागी असते. स्टिक सहज बसत नसेल, तर जोर लावू नये.

वेगाचे म्हणाल तर प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक लहानशी चिप असते आणि त्या स्टिकला कोणता वेग व कोणते टायमिंग झेपते, याची नोंद तिच्यात असते. संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे बोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, दोन्ही नोंदी वाचून दोघींना झेपेल असा वेग ठरवतो. म्हणजे आपली नवी स्टिक २४०० वरच चालेल. त्यात तिचे काही नुकसान नाही. केवळ ३२०० च्या आकड्यासाठी मात्र जादा पैसे मोजू नयेत. रॅम जादा वेगाने चालवणारा बायोसमधील एक्सएमपी हा पर्यायही अशा जोडीत बंदच ठेवावा.

आपला खरा फायदा दुसरीकडे आहे. एका स्टिकवर सध्या सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माहितीची ने-आण होऊ शकते. दोन्ही स्लॉट भरल्यावर नव्या स्टिकमधील ८ जीबी जुन्या ८ जीबीशी जोडी करतील आणि या १६ जीबीपुरती ती मर्यादा ३८.४ जीबीपर्यंत जाईल. उरलेले ८ जीबी पूर्वीच्याच चालीने चालतील. इंटेलच्या बोर्डांवर या रचनेला फ्लेक्स मोड म्हणतात. यासाठी जुनी स्टिक काढून टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या रात्रीविषयी. माझ्या स्वतःच्या संगणकात मी अशाच दोन स्टिक एकत्र बसवल्या होत्या. बायोसने पूर्ण रॅम दाखवली, दोन दिवस काम सुरळीत चालले आणि तिसऱ्या दिवशी आदल्या संध्याकाळी सेव्ह केलेली फाइल उघडेना. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम लावल्यावर सुमारे दोन तासांनी चुका दिसू लागल्या. प्रत्येक स्टिक एकेकटी मात्र निर्दोष ठरत होती. बायोसमध्ये वेग एक पायरी खाली आणल्यावर चुका थांबल्या. डेस्कटॉपची साधी रॅम अशी चूक स्वतः पकडत नाही, ती थेट फाइलमध्ये उतरते. आणि आपल्याकडे ड्रॉइंगमधला चुकलेला आकडा पुढे पॅटर्नमध्ये आणि धातूत जातो. म्हणून पेनड्राइव्हवरून ही चाचणी रात्रभर चालवावी. एकही चूक दिसली, तरी त्या जोडीवर विसंबू नये.

बसवताना वायर काढून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने जुन्या स्टिकचे सोनेरी संपर्क मळकट झाले असतील, तर ते मऊ खोडरबराने हलकेच पुसून कण झटकावेत. स्टिक दोन्ही टोकांनी सारखी दाबावी. क्लिप ‘टक’ असा आवाज करून बंद झाली पाहिजे.

प्रश्न : सर्व्हरमधून काढलेली १६ जीबीची डीडीआर ४ रॅम स्वस्तात मिळते आहे. घरच्या डेस्कटॉपला चालेल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बहुधा नाही. सर्व्हरची रॅम सहसा रजिस्टर्ड प्रकारची, म्हणजे पट्टीवर एक जादा मध्यस्थ चिप असलेली असते. ती स्लॉटमध्ये नीट बसते, पण साधा बोर्ड तिच्यावर सुरूच होत नाही. स्टिकरवर वेगाच्या आकड्यापुढील अक्षरगट पाहावा : डॅशनंतर ‘आर’ असेल तर ती रजिस्टर्ड, ‘यू’ असेल तर डेस्कटॉपची.